चौऱ्याऐंशी पोत्यांचे कुलूप

ट्रकवरून पोते खाली फेकलेले तानाबाई ताकसांडे यांना चालत नाही. हमाल कितीही घाईत असो, त्या फाळक्याशी उभ्या राहतात आणि दर पोत्यामागे म्हणतात, "टाकू नको रे बाप्पा, ठेव. सोयाबीन आहे, गिट्टी नाई." सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार पातळ असते. पोते कमरेएवढ्या उंचीवरून आदळले तरी आतला कोंब दुखावतो. दाणा वरून साजरा दिसतो आणि मातीत गेला की सडतो.

तानाबाई आता छप्पन्न वर्षांच्या आहेत. रोहण्याकडून लग्न होऊन आमच्या गावात आल्या तेव्हा सातवी पास होत्या. आमचे गाव देवळीपासून नऊ किलोमीटर आत आहे. पहिली बारा वर्षे त्या दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करत होत्या. मग नवरा भैयाजी आणि त्या मिळून चार एकरांचे धनी झाले. बोलणे मोजके, आवाज कधी चढत नाही, पण एखादी गोष्ट पटली नाही तर त्या मान किंचित डावीकडे झुकवतात आणि गप्प होतात. ती मान झुकली की समोरचा माणूस आपोआप आपले बोलणे पुन्हा तपासतो. मी गावच्या शाळेत मास्तर, त्यांचा मुलगा अश्वजित माझ्या हाताखाली शिकला. गणितात चुकला की तोही अशीच मान झुकवून पाटीकडे बघायचा.

देवळीभोवतालच्या चौदा गावांनी मिळून एक शेतकरी कंपनी काढली आहे. चौदागाव कंपनी म्हणतात तिला. आरंभी प्रत्येक गाव आपले बियाणे आपल्याच खोलीत ठेवायचे. आमच्या गावची खोली तानाबाईंच्या घरामागची. पाच थरांवर सहावा थर त्यांनी कधी चढू दिला नाही, कारण वरच्या वजनाने खालचा दाणा दबून मरतो. कोणाला किती द्यायचे, केव्हा द्यायचे, कोणते पोते आधी काढायचे, ते त्या आणि गावकरी मिळून ठरवत.

पण सगळ्याच गावांना तानाबाई नव्हत्या. एका गावात छत गळून साठ पोत्यांना बुरशी लागली. दुसऱ्या गावात रखवालदाराने भाव चढल्यावर बियाणे परस्पर विकून टाकले. म्हणून गेल्या हंगामात कंपनीने ठरवले की चौदाही गावांचे बियाणे देवळीच्या एकाच गोदामात जाईल. तिथे यंत्राने चाळणी, तिथेच तपासणी, एकच दाखला, आणि कोणत्या गावाला किती पोती कोणत्या तारखेला, हे देवळीहून मोबाइलवर येईल. हा विचार प्रफुल्ल नावाच्या तरुण व्यवस्थापकाचा. कृषी पदवीधर, मेहनती मुलगा, दिवसातले चौदा तास कंपनीचेच काम करणारा. त्याचा हेतू वाईट होता असे मी कधीच म्हणणार नाही. तानाबाईंकडे उरली ती फक्त किल्ली.

यंदा जूनमधल्या एका शनिवारी आमच्या वाट्याची चौऱ्याऐंशी पोती आली. एक पोते एका एकराचे. एक्केचाळीस घरांची पेरणी त्या एका खोलीत होती. दोन दिवस चांगला पाऊस होऊन गेला होता आणि बुधवारी वापसा येईल, म्हणजे चिखल सरून जमीन पेरणीजोगी होईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. मोबाइलवर हुकूम आला: वाटप बुधवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा. ज्याने ओटीपी देऊन पोते उचलले नाही, त्याचे पोते परत जाईल आणि दुसऱ्या गावाला मिळेल. बाजारात तेव्हा बियाणे औषधालाही उरले नव्हते.

दाखल्यावर उगवण अठ्ठ्याहत्तर टक्के लिहिली होती. तरी तानाबाईंनी जुन्या सवयीने पोत्यांत परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, खुपसली आणि शंभर दाणे काढून वाटीत ठेवले. ही आमच्याकडची तपासणी साधी आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी किती दाण्यांना मोड आले ते मोजायचे. पण रविवारी पहाटेच त्यांना भैयाजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सावंगीला जायचे होते. अश्वजित तिथेच दवाखान्यात तंत्रज्ञ आहे. जाताना त्या सून मेघाला म्हणाल्या, "तेवढे दाने पोत्यावर मांडून देजो वो." मेघा वर्ध्याची, घरात येऊन सातच महिने झालेली. तिने हो म्हटले.

मंगळवारी रात्री दोघे परतले आणि बुधवारी सकाळी तानाबाईंनी मला बोलावणे पाठवले. मोजणीला घरचे माणूस नको, असा त्यांचा नेम आहे. गोणपाट उलगडले. आंबूस वास आला. मी दोनदा मोजले. शंभरातले एकतीस.

तानाबाईंनी मान झुकवली. मग उठल्या, खोलीला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली.

आठ वाजेपर्यंत अंगणात तीस-पस्तीस माणसे जमली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर ओटीपी. सगळ्यांत पुढे अंकुश. तीन एकर सोयाबीनवाला, तापट, पण कामाला वाघ.

"कुलूप काऊन लावलं, मावशी?"

"बियानं उगवून नाई राह्यलं. शंभरातले एकतीस."

"दाखल्यावर अठ्ठ्याहत्तर आहे ना! म्या ट्रॅक्टर सांगून ठेवला दुपारचा. तो आज नाई भेटला तर सोमवारपर्यंत भेटत नाई."

"दाखला कोन्त्या पोत्याचा आहे ते मले मालूम नाई."

मागून कोणी तरी ओरडले, "मोबाइलवर तर तानाबाईची सही लागतच नाई, मंग कुलूप कायचं?" दोघे-चौघे हसले. हसण्यात गंमत नव्हती.

तानाबाईंनी प्रफुल्लला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"काकू, पूर्ण लॉटचा दाखला आहे," तो म्हणाला. "प्रयोगशाळेतून आलेला. तुम्ही वाटप सुरू करा."

"बापू, आमी पोतं पेरतो का लॉट पेरतो?"

 प्रफुल्ल जरा चढ्या आवाजात बोलला, "चौदा गावं आहेत, काकू. एकेका गावाने आपापलं ठरवायचं तर मागच्यासारखंच होईल. तेरा गावांत वाटप चालू झालंसुद्धा. शुक्रवारी सहाला ट्रक येईल. जे उचललं नसेल ते परत नेणार. माझ्या हातात नाही, यादीत पुढचं गाव थांबलेलं आहे." फोन बंद झाला.

आता गोष्ट अगदी उघडी होती. बियाणे वाटले आणि ते खराब निघाले, तर गावची पेरणी मातीत जाणार. अडवून धरले आणि ते चांगले असले, तर शुक्रवारी ते डोळ्यांदेखत निघून जाणार आणि वावरे पडीक राहणार. दोन्ही बाजूंनी जबाबदारी एकाच बाईच्या कमरेला खोचलेली.

तानाबाई आत गेल्या, मीही मागोमाग गेलो. त्यांनी गोणपाटावरचा एक न उगवलेला दाणा बोटांत धरला. तो फुगून मधोमध फाटला होता, दोन डाळी वेगळ्या झालेल्या. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग दारात उभ्या असलेल्या मेघाकडे न बघताच विचारले, "दाने कोरडेच मांडलेते ना?"

"नाही आई," मेघा म्हणाली. "मांडायच्या आदल्या रात्री भिजत घातले होते. उसळीसाठी मूग घालतो तसे. म्हटलं, मोड लवकर येतील."

तानाबाईंनी हातातला दाणा परत गोणपाटावर ठेवला. मूग भिजवले की फोफावतात. सोयाबीन मात्र पाणी इतक्या अधाशीपणाने पिते की आतूनच फुटते. चांगला दाणाही रात्रभर पाण्यात राहिला तर जातो. म्हणजे एकतीस हा आकडा खोटा होता. पण अठ्ठ्याहत्तर खरा होता, असेही त्यावरून ठरत नव्हते. त्यांना काहीच ठाऊक नव्हते, आणि बाहेर पस्तीस माणसे उभी होती.

भिजवल्याची गोष्ट आम्हा तिघांपलीकडे कोणाला कळणार नव्हती. कुलूप उघडून "कंपनी म्हणते तर घेऊन जा" असे म्हटले असते तर कोणी काही विचारले नसते. मेघाचा चेहरा पांढरा पडला होता. तानाबाई तिला म्हणाल्या, "तू आत राह्य." आणि बाहेर गेल्या.

"माह्या घरून चूक झाली," त्या अंगणात म्हणाल्या. "दाने भिजवून मांडल्या गेले. एकतीस हा आकडा धरू नोका."

एकदम गलका झाला. अंकुशने कपाळावर हात मारला. "म्हंजे बियानं चांगलं आहे! आनि तू सकाळपासून आमाले उभं करून राह्यली!"

"चांगलं आहे असंबी नाई म्हनत मी. मले मालूमच नाई."

"चूक माझी आहे," दारातून मेघा बोलली. ती आत राहिली नव्हती. "आईंना माहीत नव्हतं."

तिच्या बोलण्याने गलका जरा उतरला. पण अंकुश पुढे सरकला आणि हळू आवाजात, म्हणून जास्त लागेल असे बोलला, "मावशी, तिकडे तो देवळीत बसून ठरवते. इथं तू कुलूप लावून ठरवते. पेरनार आमी. मंग आमी कवा ठरवाचं?"

तानाबाईंची मान झुकली नाही. त्या अंकुशकडे सरळ बघत होत्या. त्यांना हे बोलणे पटले आहे, हे मला त्या बघण्यावरून कळले. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडले.

"बरोबर बोलला तू. ज्याले आज न्यायचं त्यानं न्या, मी नाई म्हननार नाई. पन माहं ऐकत असान तर ओटीपी शुक्रवारपर्यंत देऊ नोका. एकदा देला की पोतं वापस होत नाई. ज्यानं त्यानं आपल्या पोत्यातले शंभर दाने घ्या, कोरडे मांडा, आपल्या हातानं. शुक्रवारी दुपारी उलगडू. साऱ्या लॉटचं नको, माहं नको. ज्याचं त्याचं पोतं."

 मग नानाजी, गावातले सर्वांत वयस्कर शेतकरी, काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "माह्या पोत्यावर माहं नाव टाक." मेघाने खडू आणला. चौऱ्याऐंशी पोत्यांवर नावे पडली. गोणपाटे पुरली नाहीत. हल्ली सगळी पोती प्लॅस्टिकची. मग जुनी धोतरे, लुगडी निघाली, माझ्याकडची वर्तमानपत्रांची रद्दी संपली. दाणे कसे मांडायचे, एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, पाणी शिंपडायचे पण साचू द्यायचे नाही, हे तानाबाई घरोघर सांगत फिरल्या. बारा वाजेतो चौऱ्याऐंशी गुंडाळ्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, छपराच्या सावलीत ओळीने लागल्या.

त्यानंतरचे दोन दिवस मी विसरणार नाही. वापसा अगदी ऐन होता. मुठीत माती दाबली तर ढेकूळ होई आणि बोट लावताच फुटे, असा. नाल्यापलीकडच्या गावात ट्रॅक्टर चालू होते, त्यांचा आवाज सकाळपासून येई. आमच्या गावात माणसे ओट्याभोवती घुटमळत, कोणाला जेवण सुचत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया गुंडाळ्यांवर पाणी शिंपत. भैयाजी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बाजेवर बसलेले, दर तासाला विचारत, "आभाळ कसं आहे वो?" तानाबाई म्हणत, "मोकळं आहे." पाऊस आला असता तर वापसा मोडला असता. आणि पाऊस नव्हता म्हणून ओल उडून चालली होती.

गुरुवारी दुपारी अंकुश आला. "मले माह्ये तीन पोते दे. ट्रॅक्टरवाला आला आहे."

तानाबाईंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "घे. पोतं तुहं आहे."

त्याला भांडणाची अपेक्षा असावी. तो किल्ली घेऊन उभा राहिला. मग ओट्याकडे गेला, आपल्या एका गुंडाळीचा कोपरा उचलून पाहिला. दाणे नुसते टच्च फुगलेले, मोड कुठेच नव्हता. त्याने हलक्या हाताने कापड पुन्हा झाकले. परत येऊन किल्ली बाजेवर टाकली आणि स्वतःशीच शिव्या देत निघून गेला. त्याचा ट्रॅक्टर रिकामाच गेला. त्याला उगीच अडवले असेल तर काय, ही शंका तानाबाईंना त्या दिवशी जेवू देईना. मेघाने वाढलेले ताट त्यांनी तसेच झाकून ठेवले.

शुक्रवारी तीन वाजता गुंडाळ्या उघडायला लागलो. पहिली नानाजींची. पांढरे, बाकदार मोड ओळीने उभे. ब्याऐंशी.  दुसरी एकोणऐंशी. तिसरी चौऱ्याऐंशी. "बियानं तर एक नंबर आहे!" कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्यांचे डोळे तानाबाईंकडे वळले. त्या नजरा बऱ्या नव्हत्या.

चौथी गुंडाळी उघडली. सव्वीस.

 पुढे कधी ऐंशी, कधी तीस, कधी बावीस. एकाच घरची दोन पोती, एक उत्तम आणि एक गेलेले. साडेचारला मोजणी संपली. पंचावन्न पोती चांगली, एकोणतीस वाया. अंकुशची तिन्ही चांगली निघाली. तानाबाईंची दोन्ही वाईट.

पाच वाजता ट्रक आला. मागे मोटारसायकलवर प्रफुल्ल. रागानेच आला होता. पण ओट्यावर पसरलेली लुगडी-धोतरे आणि त्यावरचे दाणे पाहून थबकला. खाली वाकून त्याने स्वतः सहा गुंडाळ्या मोजल्या. मग ट्रकच्या सावलीत जाऊन बसला.

"खालच्या थरांतली असतील," तो म्हणाला. "गोदामात जागा पुरेना म्हणून आम्ही बारा थर लावले. नमुना घेणाऱ्याचा हात वरच्याच पोत्यांपर्यंत गेला असणार."

त्याला कोणी दोष दिला नाही. वेळही नव्हता. सहा वाजायला पाऊण तास उरला होता आणि खरा पेच पुढेच होता. पंचावन्न पोती कोणाची? खडूने नावे पडलेली. ज्यांची दोन्ही वाईट, अशी नऊ घरे हात हलवत उभी होती. तानाबाईंचे घर त्यांतलेच. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या एक शब्द बोलेनात. वाटून घ्या म्हटले असते तर ते स्वतःसाठी मागितल्यासारखे झाले असते. त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते.

नानाजीच बोलले. "एकेक पोतं दर घरी. मंग उरले चौदा, ते जास्त वावरवाल्यांत चिठ्ठ्या टाकून. कबूल आहे का नाई ते आत्ता बोला."

"म्या माह्या हातानं मांडले," अंकुश म्हणाला. "माह्ये तिन्ही चांगले निंघाले. म्या काऊन द्यायचे?"

"नोको देऊ," नानाजी म्हणाले. "जबरदस्ती नाई."

अंकुश सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. सहाला पंचवीस मिनिटे कमी. मग त्याने एक पोते पायाने पुढे सरकवले. "हे घ्या एक. दोन मी ठेवतो. चिठ्ठी-बिठ्ठी मले सांगू नोका." अर्धा-मुर्धा का होईना, अंकुश तयार झाला, आणि मग बाकीचे भराभर पुढे झाले. मोबाइलच्या यादीत दोनाऐवजी एक पोते घेण्याची सोयच नव्हती. प्रफुल्लने ती बाजूला ठेवली आणि वहीच्या कागदावर एक्केचाळीस नावे लिहून खाली स्वतःची सही केली. सहाला पाच कमी असताना शेवटचे पोते उचलले गेले. एकोणतीस पोती ट्रकवर चढली. तानाबाई फाळक्याशी उभ्या नव्हत्या.

सगळे पांगले तेव्हा प्रफुल्ल त्यांच्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काकू, बाकीच्या तेरा गावांत बुधवारीच वाटप झालंय. तेच गोदाम, तोच लॉट."

"फोन कर. पेरलं नसन त्यानले थांबव."

तो ओट्यावर बसून एकेका गावाला फोन लावू लागला. दोन गावांत अजून अर्धी पोती घरात होती. एका गावात कोणी फोनच उचलत नव्हते. चौथ्या गावचे वाटप पाहणारी बाई जयवंता. ती रडकुंडीला आली. तिच्या गावाने गुरुवारीच सगळे पेरून टाकले होते. प्रफुल्लने फोन तानाबाईंपुढे धरला.

तानाबाईंनी तो घेतला. ती बाई कोण, कुठली, त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

"जय भीम, बाई. मी तानाबाई बोलतो. पहिले रडनं थांबव, अन् आयक. साऱ्यायचं वाया नाई जानार. कोनाचं चांगलं, कोनाचं वाईट, हे आता मातीच सांगन. येत्या बुधवारी सकाळी निंघजो. एकेका वावरात हातभर ओळ मोजजो, किती कोंब आले ते. नाई, साऱ्या गावाचं एकदम नाई. ज्याचं वावर त्याले संग घेजो. अन् लिहून ठेवजो. मग मले फोन करजो, पातळ जागी काय भरायचं ते आपुन दोघी पाहू. हो. उशीर झाला तरी करजो. तुह्या गावात किती घरं आहे वो?"

तिकडून आकडा आला असावा. तानाबाईंनी माझ्याकडे हात करून कागद मागितला.